जुन्या कॅरॅव्हॅनवर फांदी कोसळली. दुरुस्ती करावी की ‘टोटल लॉस’ घ्यावा?

प्रश्न : आम्ही नाशिकला गंगापूर रोडवर राहतो. माझ्या सासऱ्यांनी मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अभियंत्याकडून घेतलेली, १९६८ सालची ब्रिटिश बनावटीची कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) आमच्याकडे आहे. जीपला जोडून आम्ही ती भंडारदऱ्याला, सापुताऱ्याला नेत असू. मे महिन्यातल्या वादळी पावसात शेजारच्या बंगल्यातल्या गुलमोहराची मोठी फांदी तिच्यावर कोसळली. छपराचा ॲल्युमिनियमचा पत्रा फाटला, आतली लाकडी चौकट एका बाजूने मोडली, ॲक्रिलिकच्या दोन खिडक्या फुटल्या आणि रात्रभर आत पाणी गेले. आम्ही लग्नासाठी बाहेरगावी असल्याने विमा कंपनीला सहाव्या दिवशी कळवले. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि पॅकेज पॉलिसी (आपल्या वाहनाचे नुकसानही भरून देणारा विमा) दोन्ही चालू आहेत. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली वाहनाची किंमत, २,५०,००० रुपये आहे. अंबडच्या एका वर्कशॉपने २,१०,००० रुपयांचे एकरकमी एस्टिमेट दिले. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरचे म्हणणे असे की लाकूड आधीच कुजलेले होते आणि खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर जातो, म्हणून टोटल लॉस (वाहन दुरुस्तीपलीकडे गेले असे धरून मिळणारी भरपाई) घ्या. सॅल्व्हेजचे, म्हणजे मोडक्या गाडीच्या किमतीचे, ६०,००० वजा करून उरलेली रक्कम घ्या आणि गाडी तुमच्याकडेच ठेवा. दीर म्हणतात, छप्पर कापून एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) शीट बसवू. यजमान शेजाऱ्यांकडून भरपाई मागायची म्हणतात. आम्ही नेमके काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार. सर्वांत आधी एक विनंती करतो. टोटल लॉसच्या संमतिपत्रावर इतक्यात सही करू नका. सर्व्हेअरनी तुमच्यापुढे ठेवलेला प्रस्ताव अन्यायाचा आहे असे मी म्हणत नाही. मात्र तो ज्या एस्टिमेटवर उभा आहे, ते एस्टिमेटच अपुरे आहे. लाकडाची खरी अवस्था कळल्याशिवाय आणि खर्चाची फोड झाल्याशिवाय ‘दुरुस्ती की टोटल लॉस’ या प्रश्नाला उत्तर देता येणार नाही, आणि या दोन्ही गोष्टी आठवडाभरात होण्यासारख्या आहेत.

त्याआधी पाणी थांबवा. फाटलेल्या छपरावर ताडपत्री टाकली असेलच, पण ती पत्र्याला घट्ट चिकटवून दोरीने आवळली असेल तर आजच सैल करा. कॅरॅव्हॅनच्या दोन्ही बाजूंना बांबू किंवा पाइप उभे करून ताडपत्री छपरापासून हातभर उंच आणि उतरती राहील अशी बांधा, म्हणजे पाऊस अडेल आणि वाराही खेळता राहील. गाद्या, पडदे आणि फरशीवरचे लिनोलियम बाहेर काढा, कपाटांची दारे उघडी ठेवा आणि आत एक पंखा लावा. जूनमध्ये पावसाने जोर धरला की सप्टेंबरअखेरपर्यंत नाशिकच्या हवेत भिजलेले लाकूड आपोआप वाळत नाही, आणि पुढे वाढलेली कूज ही वादळाने झालेली हानी म्हणून कोणी मान्य करणार नाही. वाहनाचे आणखी नुकसान होऊ नये म्हणून मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे, ही अट पॉलिसीतच असते. ताडपत्रीची आणि मजुरीची पावती जपून ठेवा. खरी दुरुस्ती मात्र कंपनीच्या लेखी संमतीआधी सुरू करू नका. खासगी वाहनांच्या प्रचलित पॉलिसीत मालकाला स्वतःच्या अधिकारात करता येणाऱ्या दुरुस्तीची मर्यादा जेमतेम ५०० रुपये असते.

आता कुजलेल्या लाकडाविषयी. १९६८ च्या कॅरॅव्हॅनमध्ये थोडेही लाकूड कुजलेले नसेल असे मी म्हणणार नाही. त्या काळच्या ब्रिटिश कॅरॅव्हॅनची रचना साधारणपणे अशी असे की बारीक लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आतून प्लायवूड किंवा हार्डबोर्ड ठोकलेला असे, आणि पत्र्याच्या सांध्यांत भरलेले मस्तिक (पाणी अडवणारा लेप) वाळून तडकले की पाणी नेमके कोपऱ्यांच्या आणि खिडक्यांच्या चौकटीत मुरत असे. म्हणून कूज आहे की नाही हा वादाचा मुद्दाच नव्हे. फांदी पडली त्या जागी मोडलेले लाकूड आधीपासून कुजलेले होते की धडधाकट होते, एवढेच ठरवायचे आहे, आणि ते डोळ्यांनी दिसते. धडधाकट लाकूड आघाताने मोडले की तुटलेल्या टोकाला लांब, टोकदार, फिकट रंगाचे तंतू निघालेले दिसतात. जुने कुजलेले लाकूड तपकिरी किंवा काळपट असते, त्याचे लहान चौकोनी तुकडे सुटतात आणि त्यात टोकदार आरी (टोचा) टेकवली तर जोर न लावता आत जाते. जुन्या वाड्यांची कामे केलेला एखादा अनुभवी सुतार सोबत घ्या, आतला प्लायवूड फक्त मोडलेल्या भागापुरता सर्व्हेअरच्या परवानगीने उघडा आणि प्रत्येक मोडलेल्या टोकाचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. जिथे आरी सहज आत जाते त्या जागाही खडूने खुणा करून तुम्हीच दाखवा. जुन्या कुजीचा खर्च विम्यातून मिळत नाही आणि तो मागूही नये. तो स्वतःहून वेगळा काढून दाखवला तर उरलेल्या मागणीवरचा विश्वास वाढतो, असे माझे ठाम मत आहे.

यापुढचा भाग पैशांचा आहे आणि तुमच्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा तोच आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. वर्कशॉपने दिलेला २,१०,००० रुपयांचा एकच आकडा तुमच्या हिताचा नाही. मोटार विम्यात घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेल्या किमतीची कपात, बदललेल्या सुट्या भागांवर लागतो. मजुरीवर लागत नाही. प्रचलित नियमांप्रमाणे १० वर्षांहून जुन्या वाहनाच्या धातूच्या आणि लाकडाच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर वय कितीही असले तरी ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के, आणि काचेवर काहीच नाही. रंगकामात एकूण बिलाचा २५ टक्के भाग हा रंगसामग्रीचा समजून फक्त तेवढ्यावर ५० टक्के कापले जातात. तुमच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या असल्याने त्या काच म्हणून धरल्या जाणार नाहीत, हे आधीच गृहीत धरा. घसारा न कापण्याचे जे वाढीव संरक्षण नव्या गाड्यांना मिळते, ते इतक्या जुन्या वाहनाला सहसा देत नाहीत.

उदाहरणादाखल समजा की तुमच्या २,१०,००० पैकी सामान १,००,००० चे, मजुरी ८०,००० ची आणि रंगकाम ३०,००० चे आहे. सामानावर ५०,००० घसारा जाईल. रंगकामाचा २५ टक्के भाग म्हणजे ७,५००, त्याचे निम्मे ३,७५० जातील. म्हणजे एकूण कपात ५३,७५० आणि मिळण्याजोगी रक्कम १,५६,२५०. त्यातून पॉलिसीत लिहिलेली सक्तीची वजावट, म्हणजे मालकाने स्वतः सोसायची रक्कम, तेवढी आणखी कमी होईल. आता हेच एस्टिमेट फोड न करता दिले आणि सर्व्हेअरनी ते सगळे सामान समजून निम्मे केले, तर हाती १,०५,००० येतील. कॅरॅव्हॅनच्या कामात हाताची मेहनत सामानापेक्षा कमी नसते, कित्येकदा जास्तच असते, आणि म्हणून मजुरी वेगळी दाखवणे हा तुमचा हक्क आहे, त्यात कोणतीही चलाखी नाही. वर्कशॉपकडून पत्रा, लाकूड, प्लायवूड, खिडक्या, सीलंट, मजुरी आणि रंगकाम अशा स्वतंत्र ओळी असलेले, जीएसटी क्रमांकाचे एस्टिमेट मागून घ्या, आणि जुन्या कुजीच्या कामाचे एस्टिमेट निराळ्या कागदावर घ्या.

हीच फोड टोटल लॉसचा मुद्दाही निकाली काढू शकते. तुमच्या आयडीव्हीचे ७५ टक्के म्हणजे १,८७,५०० रुपये. पॉलिसीतले कलम असे सांगते की पॉलिसीच्या अटी-शर्तींच्या अधीन राहून येणारा दुरुस्तीचा खर्च या मर्यादेपुढे गेला तरच वाहन टोटल लॉस समजले जाईल. ‘अटी-शर्तींच्या अधीन राहून’ या शब्दांत घसाराही येतो, असा युक्तिवाद तुम्हाला करता येतो. सर्व्हेअरनी २,१०,००० हा आकडा घसाऱ्याआधीचा धरला की नंतरचा, हे त्यांना लेखी विचारा. वरच्या उदाहरणातले १,५६,२५० हे १,८७,५०० च्या खालीच राहतात, आणि त्या २,१०,००० मधून जुन्या कुजीचे काम वेगळे निघाले तर अंतर आणखी वाढेल.

आता दोन्ही पर्याय शेजारी ठेवून पाहा. टोटल लॉस घेऊन गाडी ठेवलीत तर वजावटीपूर्वी १,९०,००० मिळतील, म्हणजे वरवर पाहता ३३,७५० जास्त. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार वाहन नष्ट झाले किंवा कायमचे वापराबाहेर गेले तर मालकाने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते आणि आरसी रद्द होते. टोटल लॉसची रक्कम देताना विमा कंपन्या पुष्कळदा आरसी रद्द केल्याचा पुरावा मागतात. एकदा आरसी रद्द झाली की पन्नासहून अधिक वर्षांच्या परदेशी बनावटीच्या ट्रेलरची नव्याने नोंदणी करून घेणे जवळजवळ अशक्य समजा. खासगी वापराच्या कॅम्पर ट्रेलरला आपल्या कायद्यात बिगर-वाहतूक वाहनांमध्ये जागा आहे, आणि तुमच्या सासऱ्यांनी आणि तुम्ही इतकी वर्षे नूतनीकरण करून ती जागा टिकवली आहे. ती ३३,७५० रुपयांसाठी घालवू नये. चौकटीचा अर्ध्याहून अधिक भाग कुजलेला निघाला, तर मात्र माझे उत्तर बदलेल. मग टोटल लॉस घ्या, कॅरॅव्हॅन अंगणात पाहुण्यांची किंवा मुलांची खोली म्हणून ठेवा आणि ती रस्त्यावर न्यायचा विचार सोडून द्या. मधला एक मार्गही असतो, ज्याला या व्यवहारात कॅश लॉस म्हणतात. त्यात कंपनी ठरलेली रक्कम देते, आरसी जिवंत राहते आणि दुरुस्ती तुम्ही आपल्या सवडीने करता. अशी तडजोड झाली तर ‘आरसी रद्द करण्याची अट नाही’ हे वाक्य संमतिपत्रात असल्याची खात्री करून मगच सही करा.

दिरांची सूचना आपुलकीची आहे, पण ती मान्य करू नये. एसीपी हा इमारतींच्या दर्शनी भागासाठी चांगला आहे. तुमच्या कॅरॅव्हॅनचे छप्पर गोलाईचे आहे, आणि त्यावर सपाट शीटचे तुकडे जोडले की प्रत्येक जोड ही पाण्याची नवी वाट होईल. शिवाय विमा कंपनी वाहन पूर्वस्थितीत आणण्याचा खर्च देते, रूप बदलण्याचा नाही; आणि आरसीतल्या नोंदीशी विसंगत असा बदल वाहनात करण्यास त्याच कायद्याचे कलम ५२ मनाई करते.

नाशिकमध्ये हे काम चांगले होऊ शकते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. १९६४ पासून ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे, आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा न चेपता वाकवणे, रिव्हेट ओळीत आणि सारख्या दाबाने बसवणे यात आयुष्य घालवलेली निवृत्त माणसे ओझर, पिंपळगाव आणि शहराच्या परिसरात आहेत. अंबडच्या वर्कशॉपला अशा एखाद्या कारागिराला सोबत घ्यायला सांगा. छपराचा सगळा पत्रा बदलण्याची गरज नसेल, तर फाटलेल्या भागापुरता त्याच जाडीचा पत्रा जुन्या सांध्यापासून सांध्यापर्यंत बसवावा. मध्येच ठिगळ लावू नये. लोखंडी स्क्रू अजिबात वापरू देऊ नका. ओलाव्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरते. तुमच्या कॅरॅव्हॅनवर जुन्या दुरुस्तीच्या जागी ती कदाचित आत्ताही दिसेल. ॲल्युमिनियमचे रिव्हेट वापरावेत, आणि जिथे स्क्रू अटळ असेल तिथे स्टेनलेस स्टीलचा, सीलंटमध्ये बुडवून. सांध्यांत ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) घालावी. व्हिनेगरसारखा वास येणारे बाजारातले साधे सिलिकॉन पत्र्याला लावू नये, कारण ते धातूला खाते आणि एकदा लागले की त्या जागी पुढे ना रंग धरतो ना दुसरे सीलंट. आतल्या बाजूला आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लायवूड घ्या. स्वस्तातला कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो. खिडक्यांसाठी दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे जा. ॲक्रिलिक तापवून वाकवण्याचे काम ते रोज करतात आणि फुटलेल्या खिडकीचे तुकडे जोडून नेले तर त्यावरून साचा काढता येतो. फांदीचा भार छपरावर आला असला तरी चासी, जोडणीचा हुक आणि ब्रेकही एकदा तपासून घ्या, आणि गॅसची जुनी नळी असल्यास ती आता बदलूनच टाका.

कळवायला सहा दिवस लागले याची धास्ती घेऊ नका, पण कारण लेखी द्या. लग्नपत्रिका, प्रवासाची तिकिटे आणि फांदी तोडायला अग्निशमन दलाला किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाला बोलावले असेल तर त्याची नोंद, त्या रात्रीच्या वादळाची वर्तमानपत्रातली बातमी, हे सर्व सोबत जोडा. विलंबाचे समाधानकारक कारण असेल तर केवळ त्या एका मुद्द्यावर खरा दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने वाहनचोरीच्या एका प्रकरणात २०१७ मध्ये म्हटले आहे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागा. तो महत्त्वाचा पुरावा असतो, परंतु अंतिम शब्द नसतो, हेही त्याच न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. गरज पडली तर स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या परवानाधारक सर्व्हेअरचे मत घेता येते.

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरचा अहवाल नेमणुकीपासून १५ दिवसांत आणि तो आल्यावर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत व्हायला हवा. निर्णय पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते. नाशिक जिल्हा त्यांच्याच अखत्यारीत येतो. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि मर्यादा ५० लाखांची आहे. माझ्या मते तुमच्या प्रकरणात ग्राहक आयोगापेक्षा ही वाट अधिक सोपी आहे.

शेजाऱ्यांविषयी यजमानांना शांतपणे समजवा. धडधाकट झाडाची फांदी वादळाने मोडली तर त्यात शेजाऱ्यांचा निष्काळजीपणा सिद्ध करणे कठीण असते. फांदी आधीच वाळलेली होती, तुम्ही लेखी कळवले होते आणि तरी त्यांनी काही केले नाही, अशी स्थिती असेल तरच मागणीला जोर येतो. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते, म्हणून झाड तोडले नाही एवढ्यावरून त्यांना दोष देता येणार नाही. एक खबरदारी मात्र घ्या : ‘आमची काही तक्रार नाही’ असे काहीही त्यांना लिहून देऊ नका. दाव्याची रक्कम दिल्यानंतर तिसऱ्या पक्षाकडून, म्हणजे इथे शेजाऱ्यांकडून, वसुली करण्याचा हक्क विमा कंपनीकडे जातो, आणि तुम्ही तो आधीच सोडून दिलात तर दाव्यात अडचण येऊ शकते.

राहिला पुढच्या वर्षीचा विमा. पाच वर्षांहून जुन्या वाहनाची आयडीव्ही कोणत्याही तक्त्यावरून येत नाही; ती मालक आणि कंपनी यांच्या सहमतीने ठरते, आणि ती बोलणी नूतनीकरणाच्या वेळी होऊ शकतात, नुकसान झाल्यावर नव्हे. दुरुस्ती पूर्ण झाली की परवानाधारक मूल्यांकनकर्त्याचा अहवाल, बिले आणि आतले-बाहेरचे फोटो जोडून वाढीव आयडीव्ही लेखी मागा. व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल, पण २०२१ चे व्हिंटेज नियम ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी मोटारींसाठी आहेत, ट्रेलरसाठी नाहीत. आणि व्हिंटेज मोटारींना मिळणारे ठरीव मूल्याचे (आधीच ठरलेल्या किमतीइतक्या भरपाईचे) संरक्षणही १९४० पर्यंतच्या गाड्यांपुरते आहे. कॅरॅव्हॅनमधल्या शेगडीचा, भांड्यांचा, गाद्यांचा विमा हवा असेल तर तो कंपनीशी वेगळा बोलून घ्यावा लागेल. घराच्या विम्यात वाहन वगळलेले असते, त्यामुळे अंगणात उभी असली तरी कॅरॅव्हॅन त्या पॉलिसीत येत नाही.

दुरुस्ती मंजूर होऊन काम संपले की सर्व्हेअर पुन्हा पाहणीला येतील. तोपर्यंत फाटलेला पत्रा, मोडलेले लाकूड आणि खिडक्यांचे तुकडे वर्कशॉपच्या ताब्यात सोडू नका. घरी आणून एका कोपऱ्यात ठेवा आणि पुनर्पाहणीची नोंद कागदावर आल्याखेरीज भंगारवाल्याला देऊ नका.